कबड्डी आवडते म्हणून एक्झरसाइज सायन्स घ्यायचं का?

खानापूर तालुक्यातनं एका मुलीचं पत्र आलंय. सेकंड पीयूसी म्हणजे बारावी, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी), दहावीपर्यंत मराठी मीडियम. कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळली, चढाईत गुडघ्याचं एसीएल लिगामेंट, म्हणजे आतून हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटलं, ऑपरेशन झालं. आता तिला व्यायाम आणि आरोग्याचं सायन्स शिकायचंय, बाबा म्हणतात खेळाचं शिकून शेवटी पीटी मास्तरच होणार, आणि तिला स्वतःला इंग्लिशची भीती वाटते.

अगं पोरी, पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलंयस, ऑपरेशननंतर मांडी एवढी बारीक कशी झाली हे कुणी नीट सांगितलंच नाही, मग मीच शोधत बसले. या एका वाक्यावरनं मला वाटतं की हा विषय तुला जमेल, मेडलवरनं नाही. कारण इथं खेळायला शिकवत नाहीत, शरीर कसं चालतं ते शिकवतात. तुझी चढाई ३० सेकंदांची ना, त्यातले पहिले आठ-दहा सेकंद स्नायू स्वतःजवळ साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे झटपट ताकद देणाऱ्या रसायनावर, जोर काढतो आणि मग ग्लुकोजवर भार येतो, म्हणून लांबलेल्या चढाईत शेवटी पाय जड होतात. एसीएलची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त का होते, उडी मारून खाली येताना गुडघा आत का वळतो आणि तो वळू नये म्हणून वॉर्मअपमध्ये काय करायचं, हे सगळं यातच येतं. बायोलॉजी कंटाळवाणी वाटत असेल तर मात्र खरंच घेऊ नकोस.

आता जरा कडू सांगते. या शिक्षणानंतर तुझ्यासमोर रोज कबड्डीपटू येणार नाहीत. येतील त्या गुडघे धरून जिना चढणाऱ्या आज्जी, शुगरवाले काका, पॅरालिसिस झालेला कुणाचा तरी बाप. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा, मोठा सर्वे आला, त्यात देशात १० कोटींवर मधुमेही निघाले, आणि चालताना स्नायू आकुंचन पावला की इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो, म्हणजे व्यायाम हे त्यांचं औषधच आहे की. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. घरची परिस्थिती जवळपास सारखी, बस तीच, पण दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हार्टचा आजार कमी आणि बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. मला हा अभ्यास फार आवडतो, खानापूर-बेळगाव बसमध्ये बसले की हमखास आठवतो. तर स्वतःला विचार, त्या आज्जीला तोच व्यायाम चाळिसाव्यांदा शांतपणे शिकवायला तुला आवडेल का. याचं उत्तर हो असेल तरच पुढचं वाच.

कारण डिग्री त्यावरनंच ठरते. पेशंटला ट्रीटमेंट द्यायची असेल तर बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपी. नुसत्या स्पोर्ट्स सायन्सच्या बीएस्सीवर तो अधिकार मिळत नाही, खूप मुलं इथंच फसतात. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात फिजिओथेरपी नोंदणीच्या व्यवसायात आलीय. कोर्स आधी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता, २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमात पाच वर्षांचा झालाय. बेळगावात केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहेच, पण डीम्ड युनिव्हर्सिटीची फी आधी घरी बसून मोजा, पाचही वर्षांची, हॉस्टेल-पुस्तकांसकट. खेळाडूंच्या ट्रेनिंगचं, लॅबमधल्या टेस्टिंगचं काम हवं असेल तर स्पोर्ट्स सायन्स चालेल, मणिपालला त्याचा वेगळा विभाग आहे. कोचच व्हायचं असेल तर डिग्रीनंतर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा. तीन महिन्यांच्या जिम ट्रेनर सर्टिफिकेटला मात्र डिग्री समजू नकोस.

आणि बाबांना माझा नमस्कार सांग. पीटी मास्तर होणं कमीपणाचं नाही, त्याला डिग्रीवर दोन वर्षांचं बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागते, आणि आपल्या गावागावात ज्या पोरी खेळायला बाहेर पडल्या त्या अशाच एखाद्या मास्तरांमुळे. पण तू म्हणतेस तो रस्ता वेगळा आहे, हे त्यांना प्रॉस्पेक्टस समोर ठेवून दाखव, वाद घालून नको.

फॉर्म दोन्हीकडचे भर. कर्नाटकाची सीईटी आणि नीट, दोन्ही. महाराष्ट्रात बीपीटीएच (तिथं बीपीटीला असं म्हणतात) नीटवरच मिळतं, आणि तिथल्या प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय असते. तुझं गाव यादीत आहे का आणि तुला हव्या त्या कोर्सला ती लागू आहे का, हे त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये स्वतः बघ, दाखले आत्तापासून गोळा कर, शेवटच्या आठवड्यात तहसीलला रांग लावून रडायची वेळ येऊ देऊ नकोस.

इंग्लिशचं म्हणशील तर पहिले सहा महिने जड जातात हे खरं. पण ॲनाटॉमीचे शब्द इंग्लिश मीडियमच्या पोरांनाही नवेच असतात, ते लॅटिन-ग्रीक आहेत. क्वाड्रिसेप्स म्हणजे चार डोकी, मांडीचा पुढचा स्नायू चार भागांचा असतो म्हणून. असं एका वहीत लिहीत जा, रोज पाच शब्द, शेजारी मराठी. आणि कन्नड सोडू नकोस गं, बेळगावच्या ओपीडीत निम्मे पेशंट कन्नडमध्ये दुखणं सांगतात, "नोवु एल्लि अद", म्हणजे दुखतंय कुठं, एवढं विचारलंस तरी समोरच्याचा चेहरा सैल होतो, हे मी बघितलंय.

या सुट्टीत एक काम कर. ज्या फिजिओकडे तुझा व्यायाम चालू आहे त्यांना विचारून तिथं दोन सकाळी नुसती बसून राहा. कोण येतं, काय दुखतं, फिजिओ किती वेळ उभी असते, सगळं बघ. आणि स्वतःचा गुडघा विसरू नकोस, एसीएलनंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने तरी देतात आणि दुखणं थांबलं म्हणजे लिगामेंट तयार झालं असं नसतं. तुझा कितवा महिना चालू आहे ते पत्रात लिहिलेलं नाहीस, पुढच्या वेळी कळव.