लिंक टाकण्याआधी

ठाणे

सप्रेम नमस्कार,

वंशावळीच्या साइटसाठी तू जमवलेल्या लिंक पाहिल्या. निम्म्या तरी गाळाव्या लागतील. लिंक उघडते का हे नंतर. तिथे मूळ नोंद दिसते का, हे आधी बघ.

सगळ्यात जास्त घोळ आडनावांच्या साइट्समध्ये आहे. एकच वंशवृक्ष पाच ठिकाणी दिसला म्हणून पाच पुरावे होत नाहीत. चुका ताडून बघ. मुलाच्या जन्माच्या वेळी बाप नऊ वर्षांचा ठरतोय आणि पाचही ठिकाणी तीच तारीख आहे, म्हणजे सगळ्यांनी एकाचंच उतरवून घेतलंय. त्यातली एकही घेऊ नकोस. आपल्याकडे पाटील, म्हात्रे, भोईर गावोगाव आहेत, त्यामुळे गाव नक्की करून देणारी लिंक कधीही बरी.

गावाचा जिल्हा लिहिताना जप. घणसोली, करावे ठाण्यात. खारघर, कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडात. खारघरचा माणूस स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतो आणि ठाण्याचं दप्तर धुंडाळत बसतो. त्यात १९८१ पूर्वी रायगडचं नाव कुलाबा होतं, आणि नवख्याला कुलाबा म्हटलं की मुंबईतलंच आठवतं. वसई, डहाणू आता पालघर जिल्ह्यात, पण १ ऑगस्ट २०१४ आधीच्या त्यांच्या नोंदी ठाणे जिल्ह्याखाली शोधायच्या. हे सगळं लिंकशेजारी लिही.

‘आपले अभिलेख’ ही जमिनीच्या जुन्या नोंदींची सरकारी साइट ठेवच. फेरफारातल्या, म्हणजे जमिनीचा मालक बदलल्याच्या नोंदवहीतल्या, वारस नोंदीत मयताचं नाव, वारस आणि त्यांचं नातं एकाच जागी मिळतं. विधवा आणि मुलींची नावंही पुष्कळदा तिथेच सापडतात. मात्र शोधून निघालेल्या आतल्या पानाची लिंक देऊ नकोस, ती दुसऱ्याकडे उघडेलच असं नाही. मुख्य पानाची दे आणि खाली वाट लिही: जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार, सर्व्हे नंबर. ठाणे जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियरही चालेल, पण त्यात गावं आणि समाज मिळतील, कुणाचे पणजोबा नाहीत, एवढं सांगून टाक.

प्रत्येक लिंकखाली दोन ओळी पुरेत: कोणती वर्षं, कोणती गावं, मोडी की बाळबोध, लॉगिन किंवा पैसे लागतात का, शेवटची तपासणी कोणत्या महिन्यात. मोडीचं आधी सांगितलं नाही तर माणूस पान उघडतो आणि तसंच बंद करतो.

हयात माणसांच्या जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव, मोबाइल नंबर उघडे टाकणारी साइट कितीही मेहनतीने केलेली असो, नको. बँका ओळख पटवायला हेच विचारतात.

दर तीन महिन्यांनी तपासणी कर, आणि ती डोळ्यांनी. लिंक तपासणारं सॉफ्टवेअर ‘चालू’ म्हणतं, पण मुदत संपलेलं डोमेन कुणी उचललेलं असतं आणि कुलवृत्तांताच्या जागी ऑनलाइन रमी निघते. वाचनासाठी दिलेली लिंक मेली तर काढून टाक. पुराव्याची मेली तर मात्र ओळ तशीच ठेवून वेबॅक मशीनवरची (ही साइट वेबपानांच्या जुन्या प्रती साठवते) प्रत जोड, प्रतीची तारीख घालून. प्रत तिथे असावी म्हणून लिंक टाकतानाच ते पान वेबॅकवर जतन करून घ्यायचं. लॉगिनच्या आडची पानं तिथे जतन होत नाहीत; त्यांचं गाव, नोंद क्रमांक आणि साल लिहून ठेव.

आणि जात पडताळणीसाठी वंशावळ ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांच्या साइट्स यादीत शिरल्यात, त्या आजच काढ.