पहिल्यांदा कपाशी लावली ना, मग बोंडअळीचं हे ऐकून ठेव

भाऊ, बीटी (बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं असं बियाणं) लावलंय म्हणून निवांत राहू नको, गुलाबी बोंडअळी आता बीटीला दाद देत नाही. २०१७ ला विदर्भात आम्ही बघितलंय, बोंडं वरून हिरवीगार अन् फोडली की आत सरकी खाल्लेली, कापूस पिवळा पडलेला.

पेरणीला ४५ दिवस झाले की एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लाव आणि रोज सकाळी पतंग मोज, सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ पतंग आले की फवारणीची वेळ झाली समज. फुलं पण बघत जा, पाकळ्या एकमेकीत गुंडाळून मिटलेलं फूल दिसलं तर ती डोमकळी, उघडलीस की आत बारीक अळी सापडेल, ती तोडून नष्ट कर, धुऱ्यावर टाकू नको.

बोंडं लागली की वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून बघायचीच, कारण अळी आत गेली की भोक बुजतं, बाहेरून काहीच कळत नाही. २ बोंडांत निघाली तरी फवार. सुरवात ५ टक्के निंबोळी अर्कानं कर, दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र मारायला सांगेल ते अजिबात ऐकू नको, आणि हातमोजे, मास्क घातल्याशिवाय पंप उचलू नको, वाऱ्याच्या उलट तर कधीच नाही, माझी कळकळीची विनंती आहे.

आणि फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन पीक पुढं ठेवणं, घेऊ नको रे, डिसेंबरअखेर वावर मोकळं कर, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बांधावर रचून ठेवल्या तर अळी त्यातच राहते.