अमेरिकेत जुना टीव्ही-लॅपटॉप टाकायचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे का?

कारण ई-कचरा रिसायकल करायला लावणारा देशभराचा असा एक कायदाच नाहीये तिकडे. निम्म्याच राज्यांनी स्वतःचे कायदे केलेत, बाकीच्या ठिकाणी तुमचं तुम्ही बघा.

कॅलिफोर्नियाचा कायदा 2003 चा, आणि 2005 पासून तिथे नवीन टीव्ही किंवा लॅपटॉप घेतला की बिलातच रिसायकलिंग फी लागते (पावती नीट बघा, वेगळी ओळ असते), तो पैसा सरकारकडे जातो आणि तिथून गोळा करणाऱ्यांना मिळतो. कायदा असलेल्या बाकी बहुतेक राज्यांत खर्च वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या गळ्यात, मेन राज्याने 2004 मध्ये सुरुवात केली.

मिनेसोटासारख्या राज्यांत कंपन्यांना ई-कचरा गोळा करायचं टार्गेट वजनावर मिळतं आणि खरी गोची तिथेच आहे, म्हणजे जुना डबा टीव्ही एकटाच मणभर भरतो मग हलक्या फोनमागे कोण धावणार, आणि टार्गेट पूर्ण झालं की कंपनी पैसे द्यायला हात आखडता घेते, कचरा गोळा करणारा सेंटरवाला बसतो ढीग घेऊन. वर त्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं, तिला गिऱ्हाईक नाही, ओहायोत कोलंबसला गोडाऊनच्या गोडाऊन अशी काच भरून टाकून गेले रिसायकलिंगवाले.

तुम्ही न्यू जर्सीत असाल तर टीव्ही, कॉम्प्युटर कचऱ्यात टाकायला 2011 पासून बंदी आहे. टेक्सासला घरगुती कचऱ्यावर तशी बंदी नाही, पण कंपनीला कॉम्प्युटर फुकट परत घ्यावा लागतो, तर तिच्या साईटवर टेक-बॅक शोधा. आणि देण्याआधी हार्ड डिस्क पुसा हो, ते काम कुठलाच कायदा करून देणार नाही.