प्लॅस्टिकचे छोटे सैनिक लोखंडी वॉशरवर पक्के बसवायला कोणता गोंद घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की सैनिकांचे हातपाय ज्या प्लॅस्टिक सिमेंटने जोडले, तेच लावून ते वॉशरवर उभे केले, रात्रभर ठेवले आणि सकाळी उचलले तर सैनिक हातात आणि वॉशर टेबलावरच. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. ते सिमेंट खऱ्या अर्थाने गोंद नाहीच, ते द्रावक आहे. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग ते थोडा विरघळवतं, दोन्ही तुकड्यांचं मऊ झालेलं प्लॅस्टिक एकमेकांत मिसळतं, आणि द्रावक उडून गेलं की सांधा एकजीव होतो. लोखंडावर त्याची काहीच मात्रा चालत नाही.

माझं उत्तर सरळ आहे: दोन ट्यूबवालं इपॉक्सी घ्या.

सुपरग्लूने काम होत नाही असं नाही. दोन्ही तळवे चकतीला पूर्ण टेकलेले असतील आणि सैनिक शोकेसमध्येच राहणार असेल, तर तो चालतो. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो घट्ट होतो. १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हे रसायन हाती आलं, आणि दिसेल त्याला चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला टाकलं गेलं. पण वाळल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो. सरळ ओढ तो छान सहन करतो, धक्का मात्र सोसत नाही. माझा एक घोडेस्वार मागच्या दोन खुरांवर उभा होता. सुपरग्लूवर कित्येक महिने टिकला, मग एकदा पेटी जरा जोरात टेबलावर ठेवली आणि घोडा सुटला. खुरांचे तळ अगदी स्वच्छ होते, आणि चकतीवर गोंदाचे दोन पारदर्शक खवले जसेच्या तसे चिकटलेले. त्या दिवसापासून धातूवर मी इपॉक्सीच वापरतो.

इपॉक्सी खाचाखोचा भरून काढतं, त्यामुळे तळवा थोडा वाकडा असला तरी बिघडत नाही. एका ट्यूबमधलं रेझिन आणि दुसरीतला हार्डनर (ते घट्ट करणारा भाग) अगदी समसमान घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालायचा मोह होतो, पण तसं केलं तर मिश्रण चिकट आणि लिबलिबीत राहतं. टूथपिकने मिनिटभर नीट घोटा, कडेचा मालही आत ओढा. तळव्याखाली मोहरीएवढा ठिपका पुरतो. पाच मिनिटांत बसणारं इपॉक्सी असलं तरी पाच मिनिटांत ते फक्त धरतं. पूर्ण ताकद यायला एक दिवस द्या, तोवर सैनिकाला हलवून पाहू नका. हातमोजे घाला, कारण काहींना इपॉक्सीची त्वचेवर ॲलर्जी होते.

पण खरी मेहनत गोंद लावण्याआधीची. नवीन वॉशरवर तेलाचा हलका थर असतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो. दीडशे-दोनशे नंबरचा पॉलिश पेपर घेऊन उभे-आडवे ओरखडे काढा, चमक जाऊन धातू मंद दिसायला हवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्या जागी पुन्हा बोट लावू नका. तळव्यांवरचं जुनं सिमेंटही खरवडून टाका. रंग आधी दिला असेल तर जोडाच्या जागेपुरता दोन्हीकडचा काढाच. रंगावर लावलेला गोंद रंगालाच चिकटतो, मग जोडाची ताकद रंगाच्या पकडीएवढीच. सैनिक पुसायला ॲसिटोन मात्र नको, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं.

एका पायावर उभा असलेला किंवा पुढे झुकलेला सैनिक असेल तर नुसत्या गोंदावर सोडू नका. पायात हातड्रिलने साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा, जेमक्लिपचा तुकडा बसवा आणि वॉशरमध्येही तेवढंच भोक पाडा. ते जमत नसेल तर तार वॉशरच्या मधल्या भोकातून खाली घ्या आणि भोक इपॉक्सीने भरा. हा जोड हाताने सुटत नाही.

एक खात्री आधी करून घ्या, तुमचे सैनिक कोणत्या प्लॅस्टिकचे आहेत. सैनिकांचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यातून कापून काढले, त्याचा उरलेला तुकडा साध्या पाण्यात बुडवा, त्याला लागलेले बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिस्टायरीन बुडतं. तुकडा वर आला आणि हाताला मेणासारखा लागत असेल, तर ते पॉलिथिन असण्याची शक्यता मोठी. त्यावर इपॉक्सी काय, सुपरग्लू काय, नीट धरत नाही. तिथे तारेचाच आधार घ्या. सिमेंटने हातपाय जुळलेत म्हणता, म्हणजे तुमचे बहुधा पॉलिस्टायरीनचेच.

आणि याआधी एखादा सैनिक सुपरग्लूने वाकडा चिकटवला असेल तर ओढू नका, घोटा तुटेल. तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने गोंद आणखी ठिसूळ होतो, मग चाकूचं टोक हलकेच सारलं की बहुतेक वेळा तो टक्कन सुटतो.