दृष्टांत दिला, हेतू राहिला

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलीने वक्तृत्व स्पर्धेत 'प्राथमिक शिक्षण मातृभाषेतच हवे, मुळे घट्ट झाल्यावरच रोप दुसऱ्या मातीत लावावे' असे म्हटले. टाळ्या मिळाल्या, पण परीक्षकांनी 'दृष्टांत आहे, हेतू नाही' असा शेरा दिला. दृष्टांत हा पुरावा नव्हे काय? – एक पालक, चिपळूण

उत्तर : शेरा रास्त आहे, मात्र तो उलगडून सांगायला हवा होता, कारण 'दृष्टांत' हा शब्द अलंकारशास्त्रात एका अर्थाने येतो आणि न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, दुसऱ्या. अलंकार म्हणून आपल्या मुलीचे वाक्य निर्दोष आहे : दोन स्वतंत्र विधाने, त्यांच्यात बिंब-प्रतिबिंबाचे नाते, आणि 'जसे', 'प्रमाणे' असा साम्यवाचक शब्द कुठेही नाही.

न्यायशास्त्राने मात्र दुसऱ्याला पटवून देण्याच्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण, उपनय (उदाहरणातला नियम प्रस्तुत बाबीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष). परंपरेने चालत आलेला नमुना असा : डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हा डोंगरही तसाच धुराने युक्त आहे, म्हणून त्यावर अग्नी आहे. यातले स्वयंपाकघर हा दृष्टांत. सामान्य माणूस आणि परीक्षक (येथे अर्थ : विषयाची चिकित्सा करणारा जाणकार) या दोघांचेही ज्याविषयी एकमत असते तो दृष्टांत, अशी गौतमांच्या न्यायसूत्रांतली व्याख्या आहे. तरीही तर्काचा भार स्वयंपाकघरावर नसतो. तो धूर आणि अग्नी यांच्या न चुकणाऱ्या साहचर्यावर, म्हणजे व्याप्तीवर असतो.

रोपाच्या वाक्यात नेमकी हीच व्याप्ती नाही. 'भाताचे रोप तर तीन-चार आठवड्यांचे असतानाच उपटून दुसऱ्या खाचरात लावतात आणि तेथेच त्याला फुटवे येतात', असे प्रतिपक्षातल्या एखाद्या मुलाने म्हटले असते, तर आपल्याकडच्या श्रोत्यांना ते तत्काळ पटले असते आणि तेच चित्र उलट बाजूच्या कामी आले असते. हेतू असा मांडता येईल : कारण मूल ज्या भाषेत बोलते, तीत शिकताना त्याला नवी भाषा आणि नवी संकल्पना यांच्याशी एकाच वेळी झगडावे लागत नाही. उदाहरण रोजच्या व्यवहारातले घ्यावे. वाण्याकडे शंभराची नोट देऊन बहात्तर रुपयांचा जिन्नस घेणारे आणि उरलेले अठ्ठावीस रुपये मोजून घेणारे मूल, तीच वजाबाकी इंग्रजीतल्या शाब्दिक उदाहरणात आली की अडते. एवढे झाल्यावर रोपाचे वाक्य जरूर म्हणावे; ते सुंदर आहे, गाळू नये.

प्रश्न : 'म्हणून' आले की वाक्य संयुक्त, असे पाठ केले होते, चाचणीत ते एका ठिकाणी चूक ठरले. असे का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : कारण 'म्हणून' हे एकाच प्रकारचे उभयान्वयी अव्यय नाही. 'पाऊस थांबला म्हणून सामना सुरू झाला' यात ते परिणामबोधक आहे, दोन्ही वाक्ये प्रधान आहेत, म्हणून वाक्य संयुक्त. 'झाड जगावे म्हणून मी पाणी घातले' यात ते उद्देशबोधक आहे, पहिले वाक्य गौण आहे आणि वाक्य मिश्र ठरते. शंका आली तर 'म्हणून'च्या आधी पूर्णविराम देऊन पाहा. 'पाऊस थांबला. म्हणून सामना सुरू झाला.' हे खटकत नाही, 'झाड जगावे. म्हणून मी पाणी घातले.' हे मात्र कानाला लगेच खटकते.