व्ह्यूअर उघडताच पायथन गपकन बंद का पडतो?
औशाकडच्या शेततळ्याचा पॉइंट क्लाउड (थ्रीडी बिंदूंचा संच) व्ह्यूअरमध्ये उघडला की काहीच एरर न दाखवता पायथन बंद पडतो, असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे चूक बहुधा पायथनच्या खाली चालणाऱ्या सी प्लस प्लसच्या कोडमध्ये आहे. पायथनमधल्या एरर पकडणारं ट्राय-एक्सेप्ट तिथं कामाचं नाही.

आधी स्क्रिप्टच्या सुरुवातीला पायथनसोबतच येणारं फॉल्टहँडलर मॉड्यूल इनेबल करा, नेमकं कोणत्या ओळीवर कोसळतंय ते कळेल. बिंदूंचा ॲरे (आकड्यांची यादी) व्ह्यूअरला पाठवतानाच पडत असेल तर माझा पहिला संशय नमपायवर, म्हणजे ॲरे हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीवर. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या २.० आवृत्तीत एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडनं एकमेकांशी जुळण्याची रचना, बदलला, त्यामुळं १ च्या मालिकेवर कंपाइल झालेली बाइंडिंग (पायथन आणि सी प्लस प्लस जोडणारा कोड) २.० सोबत कोसळू शकते. वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या स्वतंत्र सेटअपमध्ये) नमपाय १.२६ टाकून बघा, चालू सेटअपला हात लावू नका. व्ह्यूअरची खिडकी उघडतानाच पडत असेल तर मात्र ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा. फॉल्टहँडलरचं आउटपुट इथं टाका, बघतो मी.