खरेदीखत नोंदलं, पण जमीन किती मिळाली?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो. मूळ गाव चिपळूण तालुक्यात, तिथल्या सामायिक सातबाऱ्यावर माझं नाव आहे. निवृत्तीनंतर समुद्राजवळ राहावं म्हणून मार्चमध्ये गुहागर तालुक्यात 24 गुंठे जमीन घेतली. तिच्यात हापूसची दहा कलमं आहेत, घर नाही. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं होती आणि दोघांनीही खरेदीखतावर सह्या केल्या. गुंठ्याला 60 हजार या दराने 14 लाख 40 हजार बँकेतून दिले. एजंटने सर्च काढून घेतला होता, तो क्लिअर होता. फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद) धरल्यावर नोटिशीच्या मुदतीत त्या भावांच्या विवाहित बहिणीने हरकत घेतली की, आईवडिलांच्या जमिनीत माझाही हिस्सा आहे. भाऊ म्हणतात, वडील गेले तेव्हाच, 2003 साली तिने हक्क सोडला, तसा फेरफार आहे. फार तर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून तिची संमती आणून देतो. आई 2016 मध्ये वारली. सरकारने दस्त नोंदवून घेतला असताना आता तो रद्द होऊ शकतो का? गडग्याचं (दगडी कुंपणाचं) काम सुरू करू का? भावांवर फसवणुकीची तक्रार करू का? दस्त, सातबारा आणि 2003 चा फेरफार सोबत जोडला आहे.

उत्तर : आधी गडग्याचं. चिरे उतरवून घेतले असतील तर तिथेच राहू द्या, पण एकही थर रचू नका. गडी बोलावला असेल तर त्याला निरोप धाडा. का, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘सरकारने दस्त नोंदवून घेतला.’ नोंदणी कचेरीत नोंद होते ती कागदाची. दस्त लिहून देणारा हाच माणूस आहे का, त्याला मजकूर मान्य आहे का, ओळख पटवणारे हजर आहेत का, मुद्रांक शुल्क पुरेसं भरलंय का, एवढं दुय्यम निबंधक पाहतात. विकणारा खरोखर सगळ्या जमिनीचा मालक आहे का, याचा निवाडा करायचा अधिकार त्यांना नाही. तुमच्या दस्तावर शिक्के बसले, अंगठे-फोटो आले, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) निघाली, म्हणजे असा दस्त झाला हे सिद्ध झालं. त्या दस्ताने तुमच्या पदरात किती पडलं, हा प्रश्न शिल्लकच आहे.

तुमची बाजू अगदी लंगडी नाही. तुमच्या हातात नोंदणीकृत खरेदीखत आहे. नुसतं साठेखत असतं तर मालकी आलीच नसती. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 प्रमाणे साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, त्याने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. आपल्याकडे साठेखतावर सगळे पैसे देऊन वर्षानुवर्षं निवांत बसलेले चाकरमानी मी पाहिलेत. तुम्ही त्यांच्यात नाही. पण विकणाऱ्याच्या हातात असेल तेवढंच खरेदीदाराला मिळतं. सहहिस्सेदार आपापला अविभक्त हिस्सा विकू शकतो, दुसऱ्याचा नाही.

आता 2003 चा तो फेरफार. सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात जे आकडे असतात, ते फेरफारांचे क्रमांक. सर्च घेणाऱ्याने नोंदणी कचेरीतले दस्त पाहिले, ते स्वच्छ निघाले, पण या वर्तुळातला आकडा उघडून बघितला नाही असं दिसतं. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत वारसांची यादी आहे : पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. खाली मजकूर आहे की मुलीचं लग्न झालं असून ती सासरी नांदते, तिने हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब तिचं नाव दाखल केलं नाही. असले फेरफार मी इतके वाचलेत की पुढचं वाक्य न बघता सांगता येतं. कोकणात त्या काळी वारस नोंद म्हणजे मुलग्यांची नोंद. माहेरवाशिणीने गणपतीला यावं, चार दिवस राहावं, जाताना नारळ-तांदूळ घेऊन जावं. सातबाऱ्याचं नाव तिने काढायचं नाही.

कायद्याला हा जबाब पुरत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यापुढचा जबाब, साध्या कागदावरची सही, तोंडी ‘मला काही नको’ यांपैकी कशानेही हक्क जात नाही. शिवाय सातबारा आणि फेरफार हे महसुली अभिलेख. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरतात. पण त्या नोंदीने कुणी मालक होत नाही आणि नोंद नसल्याने कुणाची मालकी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितलं आहे.

मग बहिणीचा हिस्सा किती? जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर 2003 मध्ये आई आणि तीन मुलं यांना प्रत्येकी चौथा, आणि 2016 मध्ये आईचा चौथा पुन्हा तिघांत. आजोबांकडून आलेली असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलाच्या बरोबरीची हक्कदार. वडील त्या दिवशी हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी पक्कं झालं. 20 डिसेंबर 2004 पूर्वीचं नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा असता तर गोष्ट वेगळी होती. इथे तसलं काही नाही. म्हणजे कुठूनही मोजलं तरी, आईवडिलांचं मृत्युपत्र नसेल तर, बहिणीचा तिसरा हिस्सा येतो. 24 पैकी 8 गुंठे. तुम्हाला मिळाले 16, तेही अविभक्त. कुठले 16, ते अजून कुणी ठरवलेलं नाही. तुम्ही गडगा घालाल ती जागा तिच्या वाट्याला आली तर?

दस्त अख्खा रद्द होणार नाही, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. भावांच्या हिश्श्यापुरता तो उभा राहतो, बहिणीच्या हिश्श्याला तो बांधत नाही.

‘मी प्रामाणिक खरेदीदार, सातबारा बघून घेतली’ हा बचाव तुमचा वकील घेईल, घ्यायलाही हवा, पण त्यावर फार विसंबू नका. प्रामाणिक खरेदीदाराने वाजवी चौकशी केलेली असावी लागते, आणि इथे तर त्याच जमिनीच्या फेरफारात मुलीचा उल्लेख आहे. तो न वाचणं ही तुमची चूक ठरेल, तिची नव्हे. खरं सांगायचं तर कोकणात 24 गुंठ्यांवर दोनच नावं दिसली की मला शंका येते. इथला सातबारा लग्नाच्या पंगतीसारखा असतो. आत्या, चुलते, मुंबईचे, बडोद्याचे, सगळे त्यात. दोन नावं म्हणजे कुणाला तरी पंगतीतून उठवलेलं असतं.

‘वीस वर्षं झाली, आता तिची मुदत संपली’ असंही भाऊ सांगतील. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने धरला जातो. तिला उघडपणे हक्क नाकारून बाहेर ठेवल्याचं तिला समजल्यापासून बारा वर्षं मोजायची, आणि ते शाबित करायचं ओझं भावांवर. नुसता फेरफार त्याला पुरत नाही.

हरकतीची नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाईल आणि सुनावणी लागेल. तुमचा दस्त नोंदणीकृत आहे, कोर्टाची मनाई नाही, त्यामुळे फेरफार तुमच्या बाजूने मंजूर होण्याचा संभव बराच आहे. झाला तर पेढे वाटू नका. बहीण 60 दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करेल, किंवा थेट दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावून मनाई मागेल. दाव्याच्या खर्चाला ती घाबरेल असं समजू नका. मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी 1994 ची अधिसूचना महाराष्ट्रात आहे. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे, एक वारस आपला हिस्सा विकत असताना दुसऱ्या वारसाला तो आधी घेण्याचा हक्क असतो. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं. हा मुद्दा तिच्या वकिलाने काढला तर तुमच्या 16 गुंठ्यांवरही बोट येईल.

तुमच्या हातात एक चांगलं पान आहे, ते बहुतेक खरेदीदारांना ठाऊकच नसतं. या कुटुंबाची एवढीच जमीन आहे का? वाटपाचा दावा कुटुंबाच्या सगळ्या सामायिक मिळकतीचा करायचा असतो, एका सर्व्हे नंबरचा नव्हे. भावांच्या नावावर आणखी भातखाचरं, काजूची बाग असेल, तर तुम्ही कोर्टाला सांगू शकता की हा नंबर भावांच्या वाट्याला लावा आणि बहिणीचा हिस्सा बाकीच्या जमिनीतून पुरा करा. कुणाचं नुकसान होत नसेल तिथे कोर्टं असं करतात. तेव्हा दोघा भावांचा आणि त्यांच्या मयत वडिलांचा 8अ चा खातेउतारा (एका गावात एकाच्या नावावर असलेल्या सगळ्या जमिनींची यादी) काढा, शेजारच्या गावांतलाही. मिळालेली यादी जपून ठेवा, भावांना दाखवायची घाई नको.

तरी माझा कल दाव्याकडे नाही, कारण वाटपाचा हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष सरसनिरस (चांगली-वाईट जमीन बघून केलेलं) वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, मोजणी येते, आणि तुमची निवृत्ती त्यातच जाते. 8 गुंठ्यांचा तुकडा पाडायचा म्हटला तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. त्यात अलीकडे बदल झालेत, तुमच्या नंबरला काय लागू आहे ते तहसीलमध्ये विचारून घ्या.

बहिणीला स्वतः भेटा. भावांना मध्ये घेऊ नका, एजंटला तर मुळीच नको. तिची तक्रार जमिनीची आहे की न विचारल्याची, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. तिला पैसे चालणार असतील तर तिचा हिस्सा तुमच्याच दराने 4 लाख 80 हजारांचा होतो, आणि तो पैसा भावांनी द्यायचा, कारण त्यांनी तो तुमच्याकडून आधीच घेतलाय. दस्त मात्र नीट करा : ती तिचा एक तृतीयांश हिस्सा तुम्हाला खरेदीखताने विकते, आधीचं खरेदीखत मान्य करते, भाऊ त्यात पक्षकार म्हणून सही करतात. त्यावर मुद्रांक पुन्हा लागेल. तोही भावांच्या गळ्यात घालायचा प्रयत्न करा. तिच्याकडून तुमच्या नावे ‘हक्कसोड’ लिहून घेऊ नका. हक्कसोड सहहिस्सेदारांत होतं, तुम्ही घराबाहेरचे. आणि पाचशेच्या स्टॅम्पवरची नोटरी विसरा. नोटरी सहीची साक्ष देतो, त्याने जमिनीतला हक्क हलत नाही. उद्या ती किंवा तिची मुलं ‘तो कागद कसला होता ते कळलं नाही’ म्हणाली की संपलं.

भाऊ पैसे देत नाहीत असं झालं तर त्यांना वकिलामार्फत नोटीस. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याने ‘मला हे विकण्याचा हक्क आहे’ अशी हमी दिल्याचं धरलंच जातं, आणि तुमच्या दस्तात पान 7 वर कुणाचा हक्क निघाल्यास नुकसान भरून देण्याचं कलम स्पष्ट आहे. रक्कम वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची, म्हणून ‘दिवाळीनंतर बघू, शिमग्यानंतर बघू’ यात अडकू नका.

पोलिसांत सध्या जाऊ नका. भावांनी फेरफार लपवलेला नाही, तो सरकारी दप्तरात उघडा होता. ‘आम्हाला वाटलं तिने सोडलंय’ एवढं म्हटलं की प्रकरण दिवाणी स्वरूपाचं ठरण्याकडे झुकतं. वर एकदा गुन्हा नोंदला की ते बोलणीला बसणार नाहीत, आणि तुम्हाला त्यांच्या सह्या हव्या आहेत.

जाता जाता : तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा, म्हणजे चिपळूणच्या जमिनीचा तुमच्या नावाचा उतारा, फेरफाराच्या फाइलला लावलाय ना ते बघा. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेतली असा मुद्दा कूळकायद्याच्या कलम 63 खाली कुणी काढला तर बहिणीचा वाद बाजूला राहील आणि वेगळंच शुक्लकाष्ठ मागे लागेल.

सुनावणीच्या तारखेला हजर राहा, लेखी म्हणणं द्या. त्यात ‘बहिणीचा हिस्सा नाही’ असं लिहू नका. ‘आमचा दस्त भावांच्या हिश्श्यापुरता तरी कायदेशीर आहे, हिश्श्याचा वाद दिवाणी न्यायालयाचा आहे’ एवढंच लिहा. तिला भेटायला जाल तेव्हा तेच कागद तिच्यासमोर असतील.